आजोबांच्या अल्बममधले मोटारीसोबतचे फोटो : गाडी कुठली, साल कुठलं? (सोलापूर)

चाटीगल्ली_नातू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. बुधवार पेठेतलं आमचं जुनं घर रिकामं करायचं चाललंय, त्यात आजोबांचा अल्बम मिळाला, काळ्या जाड पानांचा, फोटोंना कागदी कॉर्नर लावलेले आणि मधे बटर पेपर. त्यात बरेच फोटो असे आहेत की घरची माणसं ठेवणीतले कपडे घालून मोटारीला टेकून नाहीतर मोटारीपुढं उभी आहेत. आणि आमच्या घरी तेव्हा मोटार नव्हतीच! आजोबा मिलमधे क्लार्क, सायकलनं जायचे यायचे.

एका फोटोबद्दल घरात वादच लागलाय. छोटासा चौकोनी फोटो, कडा दातेरी. गोलसर, काळपट रंगाची मोटार थोडी तिरपी उभी आहे. आजोबांचा हात पुढच्या मडगार्डवर, पांढरा शर्ट खोचलेला, आतली बनियन दिसतेय, पँट खाली एकदम अरुंद, खिशाला पेन. आज्जी गाडीपासून हातभर लांब उभी, पाचवारी साडी, डोक्यावर पदर नाही, आणि हातात पर्स! आज्जीकडं पर्स आम्ही कुणीच कधी बघितली नव्हती. बॉनेटवर चार-पाच वर्षांची मुलगी बसवलीय, फ्रॉक आणि रिबिनीनं वर बांधलेल्या वेण्या. डाव्या कडेला खाकी कपड्यातला एक माणूस अर्धाच आलाय. मागं पाणी आणि त्यापलीकडं तटबंदी. नंबरप्लेटचं पहिलं अक्षर इंग्रजी बी आहे, बाकीचं आजोबांच्या पायामागं गेलंय.

मोठे काका म्हणतात हा फोटो ५७ सालचा, कारण बी म्हणजे मुंबई राज्याचा नंबर, आणि बॉनेटवरची मुलगी म्हणजे आमची थोरली आत्या, जी आता नाही. तिचा जन्म ५२ चा. धाकटी आत्या म्हणते ती मुलगी मीच, मला ते तापलेलं बॉनेट अजून आठवतंय. तिचा जन्म ६० चा. दोघंही ठाम आहेत आणि आत्याला याचं खरंच वाईट वाटतंय, कारण तिचा लहानपणीचा दुसरा फोटोच नाही. कुणाला गाडीवरून, कपड्यांवरून काही सांगता येईल का?

अजून दोन फोटो टाकलेत. एकात काका आणि त्यांचे मित्र अँबॅसिडरपुढं, बेलबॉटम, कानाच्या पाळीखाली आलेले कल्ले. दुसऱ्यात आजोबा आणि त्यांचा भाऊ मोटारीत बसलेत, हातात स्टिअरिंग, पण ती गाडी काहीतरी विचित्रच दिसतेय, सपाट.

मडगार्ड

वा, काय फोटो आहेत! पहिली गाडी डुक्कर फियाट आहे, म्हणजे फियाट ११००. हे नाव कंपनीचं नव्हे, लोकांनी पाडलेलं, पण आजही जुन्या गाड्यांवाल्यांना नुसतं डुक्कर म्हटलं तरी कळतं. खात्री करायची तर फोटो मोठा करून दारांच्या मुठी बघा. या गाडीचं पुढचं दार उलटं उघडायचं, बिजागऱ्या दोन्ही दारांच्या मधल्या खांबावर, त्यामुळं पुढच्या दाराची मूठ पुढच्या काचेच्या बाजूला आणि मागच्या दाराची मागच्या टोकाला. तुमच्या फोटोत आजोबांच्या कोपराजवळ ती मूठ चमकताना दिसतेय, म्हणून मी एवढं छातीठोक लिहितोय.

ही गाडी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्समधे बनायची, आणि ती कंपनी १९४४ ला काढली वालचंद हिराचंद यांनी, आपल्या सोलापूरचा माणूस, जन्म इथलाच, १८८२ चा. वालचंद कॉलेज म्हटलं की आपल्याला शिक्षण आठवतं, पण जहाजं, विमानं, मोटारी या तिन्हींत त्यांनी हात घातला होता. सुरुवातीला कुर्ल्यात डॉज-प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, फियाट आल्या ५० च्या दशकात. वालचंद १९५३ लाच गेले. सोलापुरातल्या अल्बममधे कुर्ल्याची फियाट बघितली की मला फार भरून येतं.

आता नंबर. बी चा नंबर मुंबई राज्याचा, हे काकांचं बरोबर आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर आपल्याकडं एम नं सुरू होणारे नंबर आले, आणि सोलापूरचा एमएच १३ तर पार १९८९ च्या नव्या पद्धतीतला. पण त्यावरून गाडीची नोंदणी कधीची तेवढंच कळतं, फोटो कधीचा ते नाही! जुन्या गाड्यांचे नंबर काही बदलले नव्हते. आणि त्या काळात गाडी कोण विकतंय, नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, त्यामुळं एकदा घेतलेली गाडी माणसं दहा-पंधरा वर्षं आरामात वापरायची. तेव्हा ५७ ची गाडी ६७ च्या फोटोत असणं अगदी नेहमीचं. काकांचा मुद्दा इथं टिकत नाही, सॉरी काका.

अँबॅसिडरबद्दल सांगतो. पुढची जाळी बारीक चौकटींची आहे, म्हणजे मार्क टू मॉडेल. ७५ ला मार्क थ्री आली तेव्हा तिथं आडव्या पट्ट्या आल्या. म्हणजे गाडी ७५ च्या आधीची आणि पोरांचे कपडे ७० च्या दशकातले, इथंही गाडी पोरांच्या फॅशनपेक्षा म्हातारी आहे. बाय द वे, मागून काढलेला फोटो असेल तर लँडमास्टर (अँबॅसिडरच्या आधीची गाडी) की अँबॅसिडर हे ओळखायला मागच्या मडगार्डची टोकं बघायची, अँबॅसिडरची वर उचललेली असतात, लँडमास्टरची गोल उतरती.

डार्करूम_लाईट

मी बरीच वर्षं नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत प्रिंटिंगचं काम केलंय, तर गाडी बाजूला ठेवून फोटोच्या कागदाबद्दल लिहितो.

नातू, आधी पट्टी घ्या आणि पांढरी किनार सोडून नुसतं चित्र मोजा. सव्वादोन इंच बाय सव्वादोन इंच भरलं तर ती कॉन्टॅक्ट प्रिंट आहे, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली, मोठी न करता. १२० नंबरच्या रोल फिल्मवर बारा फोटो निघायचे, चौकोनी. एन्लार्जमेंटला पैसे जास्त म्हणून घरोघरी असेच छोटे फोटो असायचे. त्यात एक फायदा आहे, निगेटिव्ह फोटोएवढीच मोठी असते, ती जर ट्रंकेत सापडली तर तिच्यातून नंबरप्लेट, साडीचे काठ, सगळं बाहेर काढता येईल. कृपा करून ट्रंक फेकायच्या आधी तळाशी पिवळी-तपकिरी पाकिटं आहेत का बघा. माणसं फोटो जपतात आणि निगेटिव्ह कचऱ्यात टाकतात, हे बघून फार जीव तुटतो.

दुसरं म्हणजे सावली. जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडलीय ती नीट बघा. डोकं खाली झुकलंय आणि दोन्ही कोपरं पोटाजवळ. म्हणजे कॅमेरा कमरेशी धरून वरून खाली बघायचा होता, बॉक्स कॅमेरा किंवा दोन लेन्सचा, यशिका वगैरे. आग्फा क्लिक थ्री असता तर कॅमेरा डोळ्याला लागला असता, हात वर गेले असते. आणि सगळ्यांचे डोळे बारीक झालेत ना, ते ऊन तोंडावर असल्यामुळं. तेव्हाचा नियमच होता, सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी. साध्या कॅमेऱ्याला जवळचं नीट दिसायचं नाही, आठ-दहा फूट लांब उभं राहायला लागायचं, म्हणून या सगळ्या फोटोंत माणसं डोक्यापासून चपलेपर्यंत आणि गाडी अख्खी. चेहरा एवढासा आणि गाडी एवढी मोठी, त्यामागं हौस होतीच पण कॅमेऱ्याची मर्यादाही होती.

आता मुख्य. फोटो कॉर्नरमधून हलकेच सोडवा, मागची बाजू खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. कागदाच्या कंपनीचं नाव फिकट करड्या अक्षरात छापलेलं असतं, तिरपं, पुन्हा पुन्हा. काय लिहिलंय ते इथं सांगा. स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही.

त्या सपाट गाडीबद्दल, ती गाडी नाहीच. चाकाखाली सावली नाही आणि बसलेल्यांच्या पायाखाली स्टूल दिसतंय. जत्रेतल्या फोटोवाल्यांकडं प्लायवूडवर नाहीतर पुठ्ठ्यावर रंगवलेली मोटार, विमान, मोटारसायकल असायची, मागं पडदा. आपल्याकडं म्हणजे गड्ड्यातच, सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेतच काढलेला असणार. हा फोटो अजिबात कमी समजू नका. खऱ्या गाडीपुढचे फोटो पुष्कळ मिळतात, हे रंगवलेले कटआऊट मात्र आता कुठं बघायलाही मिळत नाहीत.

इरकलकाठ

मला गाड्यांतलं काही कळत नाही पण आज्जींकडं बघून सांगते, हा फोटो ५७ चा वाटत नाही.

ब्लाऊज बघा. बाही अगदी आखूड आणि दंडाला घट्ट बसलेली. ५० च्या दशकातले आमच्या आईचे ब्लाऊज कोपरापर्यंत बाहीचे नाहीतर फुग्याच्या बाहीचे, कापड खणाचं किंवा साधं पॉपलीन. साडी अंगाला चापून नेसलीय, निऱ्या बारीक आणि पदर लांब सोडलाय, आणि कापड बघा, सुती साडीला जी फुगीर घडी असते ती कुठंच नाही, खाली सरळ ओघळलीय. नायलॉन आहे. नायलॉनच्या साड्या ६० च्या दशकात घराघरात आल्या, धुतली की वाळली, इस्त्री नको, त्यामुळं बायकांना त्याचं फार अप्रूप होतं. केसही मानेवर सैल अंबाडा नाहीत, वर चढवलेत, आत गंगावन किंवा जाळी घातलेली असणार.

आजोबांचंही तेच. ५० मधे पँट ढगळ, पुढं प्लेट्स, बुशशर्ट बाहेर सोडलेला. अरुंद पायाची पँट आणि बनियन दिसेल असा पातळ टेरिलीनचा शर्ट म्हणजे ६० च्या मध्यावर. टेरिलीनचा शर्ट असणं तेव्हा प्रतिष्ठेचं होतं, आणि बहुतेक तो शर्ट आणि ती साडी एकाच दिवाळीत घेतलीय असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज.

पर्सबद्दल सांगू का नातू? ती पर्स तिची नसेल. आमच्याकडं फोटो काढायचा म्हटलं की शेजारणीचं घड्याळ, वहिनीची पर्स, कुणाचा तरी गॉगल, असं सगळं गोळा व्हायचं. यात खोटेपणा काही नव्हता. वर्षातून एखादा फोटो निघणार, तो चांगला निघावा. मोटारही त्याच हिशोबातली. पण मला सगळ्यात आवडलं ते डोक्यावरून पदर नसणं. सासरच्या माणसांसमोर ती तशी उभी राहिली असती का? फोटो काढणारा किंवा काढणारी जवळची, बरोबरीची कुणीतरी असणार. सावली साडीतली आहे का ते बघा बरं.

हिप्परगा_९२

लै भारी धागा बे! मागचं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव आणि तटबंदी भुईकोटाची, डोळे झाकून सांगलालो, रोज तिथनंच जातो. नातूदादा, मी फोटो ॲपमधे टाकून कलर करून देऊ का? दोन मिनिटाचं काम आहे, आत्याला एकदम नवीन फोटो वाटेल.

मडगार्ड

@हिप्परगा, हौस समजते पण त्यात एक अडचण आहे. ॲपला त्या फियाटचा रंग माहीत नाही, ते अंदाजानं भरतं. काळ्या-पांढऱ्यात गडद दिसणारी गाडी काळी असेल, मरून असेल, गडद निळी असेल. एकदा लाल करून ग्रुपवर टाकली की घरातली पुढची पोरं म्हणणार लाल गाडी होती, आणि मग तेच खरं होऊन बसतं. साडीचंही तसंच. वर तोंडाची ठेवणसुद्धा बदलते, नाक सरळ, कातडी गुळगुळीत. इथं तर मुलगी कोण हाच प्रश्न आहे, तिच्या चेहऱ्याला हात लावायचाच नाही.

त्यापेक्षा आत्यांना विचारा साडीचा रंग कुठला होता. आधी काही सुचवू नका. नुसतं विचारा.

चाटीगल्ली_नातू

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री आम्ही सगळे एकत्र बसून हे वाचलं, काका चष्मा लावून स्वतः वाचत होते.

चित्र मोजलं, सव्वादोन इंचच आहे. मागं शिक्का नाही, पण खिडकीशी तिरपं धरल्यावर करडी अक्षरं दिसली, आग्फा-गेव्हर्ट असं इंग्रजीत, तीन ओळींत तिरपं. दुसऱ्या, लग्नाच्या फोटोमागं नुसतं गेव्हर्ट आहे. याचा काही अर्थ आहे का?

सावली साडीतली नाही, पँटमधलीच वाटतेय. आत्याला रंग विचारला, ती लगेच म्हणाली पोपटी, आणि पर्स शेजारच्या नर्सबाईंची. इरकलकाठताई, तुम्ही कसं ओळखलंत!

डार्करूम_लाईट

अर्थ आहे आणि चांगलाच आहे. आग्फा जर्मनीची आणि गेव्हर्ट बेल्जियमची, दोन वेगळ्या कंपन्या, त्या १९६४ मधे एक झाल्या. त्याआधी हे जोडनाव कागदावर येण्याचं कारणच नाही. म्हणजे ही प्रिंट ६४ च्या अलीकडची.

एक शंका काका काढतील म्हणून मीच काढतो, फोटो ५७ चा आणि प्रिंट नंतर काढलेली असं होऊ शकतं. होतंही. पण कपडे, केस, शर्ट सगळंच ६० च्या मध्याकडं बोट दाखवतंय आणि ते प्रिंट नंतर काढली म्हणून बदलत नाही. आता मुलीचं वय बघा. चार-पाच वर्षांची मुलगी आणि साल ६५ च्या आसपास. थोरल्या आत्या तेव्हा तेरा वर्षांच्या असत्या, बॉनेटवर बसवण्याएवढ्या राहिल्या नसत्या. फोटो धाकट्या आत्यांचाच आहे. काकांना माझा नमस्कार सांगा, नंबरप्लेट वाचणं बरोबर होतं त्यांचं.

स्कॅन करताना ६०० डीपीआयला करा, टिफमधे ठेवा, मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका. मागची बाजूही स्कॅन करा. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, मागं, कडेला, बॉलपेन उमटतं. आणि ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम घेऊ नका. ८० च्या दशकातले रंगीत फोटो त्यात खराब होतात. तसेही त्यातले निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि सगळा फोटो लालसर होतो, ते आधी स्कॅन करा, काळे-पांढरे अजून थांबतील.

इरकलकाठ

आत्यांसाठी फार आनंद झाला, खरंच.

एक राहिलं. डावीकडचा खाकी कपड्यातला माणूस, तो ड्रायव्हर. असे फोटो खूप बघितलेत मी, ज्याची गाडी तो सहसा दाराशी हात ठेवून नाहीतर किल्ली फिरवत उभा असतो, ज्याची नाही तो मडगार्डला टेकतो, बायका हातभर लांब, आणि जो रोज ती गाडी पुसतो तो कडेला, फ्रेमच्या बाहेर जाता जाता राहिलेला. गाडी कुणाची होती हे त्याच्याचकडून कळेल. बहुतेक त्यानंच मालक नसताना ती तुमच्या आजोबांसाठी तलावावर आणली असणार. आत्यांना त्याच्याबद्दल विचारा, नाव आठवत असेल तर फोटोमागं त्याचंही लिहा.

चाटीगल्ली_नातू

विचारलं. गाडी मिलच्या डॉक्टरांची होती आणि ड्रायव्हर आमच्याच बोळात राहायचा, कानडी बोलायचा, आत्याला पेपरमिंट द्यायचा. नाव आठवलं तिला, इथं लिहीत नाही पण पेन्सिलनं मागं लिहिलंय. फोटो काढणारा म्हणजे आजोबांचा मिलमधला मित्र असं काका म्हणतात, आणि आता काका थोरल्या आत्याचा फोटो शोधायला लागलेत, दुसऱ्या ट्रंकेत एक पाकीट आहे निगेटिव्हचं, चिकटून बसलेलं. ते सोडवायचं कसं? पाण्यात टाकू का?

डार्करूम_लाईट

थांबा, अजून काही करू नका! ओढून सोडवायला जाऊ नका, पाण्यातही घरी टाकू नका. पाकीट आहे तसं कोरड्या जागी ठेवा आणि कितपत चिकटलंय त्याचा एक फोटो मला मेसेज करा, मी बघून सांगतो. रविवारी सकाळी असलात तर घरीच येतो.